आल्झासमध्ये सेंद्रिय वाइन: लेबल कसं वाचायचं, कुणाकडे जायचं आणि तिथे काय विचारायचं

प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरअखेर चार दिवस फ्रान्समध्ये आहोत, सेंद्रिय वाइन समजून घ्यायची आहे, दोन-तीन वाइनरी बघायच्या आहेत, गाडी चालवायची नाही, दोघांपैकी एकजण शाकाहारी. कुठे जावं आणि काय बघावं?

जागेचं उत्तर सोपं आहे: आल्झास, फ्रान्सच्या पूर्वेचा, जर्मनीला लागून असलेला भाग. बोर्दोमध्ये मोठ्या 'शातो'ची (द्राक्षमळ्यासह असलेल्या वाइनघरांची) दारं आधी ओळखपाळख असल्याशिवाय सहसा उघडत नाहीत. बरगंडीत चांगल्या उत्पादकाकडे विकायला माल शिल्लक नसतो. आल्झासमध्ये मात्र घरच्या घरी द्राक्षं पिकवून, घरच्या तळघरात वाइन करून, घरच्याच ओसरीवर चाखायला देणारी कुटुंबं गावोगाव आहेत. 'वाइन रस्ता' म्हणून आखलेला मार्ग १९५३ पासून आहे. उत्तरेला मार्लेनहाइम, दक्षिणेला तान, मध्ये सुमारे १७० किलोमीटर. आणि इथल्या द्राक्षबागांपैकी साधारण एक तृतीयांश क्षेत्र सेंद्रिय प्रमाणित किंवा त्या वाटेवर आहे.

हे इथेच का जमलं याचं कारण भूगोलात आहे. पश्चिमेला वोजची डोंगररांग उभी आहे, तिचं सर्वांत उंच शिखर १,४२४ मीटरचं. अटलांटिककडून आलेला पाऊस ती अडवते. माथ्यावर भरपूर पाऊस, पण पायथ्याचं कोल्मार फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक, वर्षाला साधारण ६०० मिलिमीटरच्या आत. सह्याद्रीच्या पूर्वेला राहणाऱ्याला पर्जन्यछाया समजावून सांगायला नको. पाऊस कमी म्हणजे पानं कोरडी, आणि पानं कोरडी म्हणजे डाउनी हा बुरशीचा रोग कमी. सेंद्रिय द्राक्षशेतीतली निम्मी लढाई डाउनीशीच असते.

आता तारखांचं. सप्टेंबरअखेर ही वेळ बघायला सुंदर आणि भेटीला अवघड आहे. काढणी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला क्रेमां या फेसाळ वाइनच्या द्राक्षांपासून सुरू होते आणि ऑक्टोबरपर्यंत चालते. घरात दोन-तीन माणसं असतात, ती सगळी मळ्यात किंवा द्राक्षं दाबणाऱ्या प्रेसपाशी. शिवाय अनेक गावांत काढणीच्या दिवसांत द्राक्षबागांतल्या पायवाटा बाहेरच्यांना बंद ठेवतात, तसा फलक लावलेला असतो. तारीख हलवता येत असेल तर जूनचा दुसरा पंधरवडा किंवा जुलैचा पहिला पंधरवडा धरा. फुलोरा संपलेला असतो, मणी धरलेले असतात, आणि फवारणीचं काम डोळ्यांसमोर चालू असतं. ते शक्य नसेल तर ऑक्टोबरचा शेवट बरा: वाइन पिंपांत आंबत असते आणि माणसाला बोलायला वेळ असतो. डिसेंबर टाळा. कोल्मार आणि स्ट्रासबुर्गचे नाताळ बाजार पाहायला इतकी गर्दी लोटते की खोली मिळणंही कठीण होतं.

सेंद्रिय म्हणजे नेमकं काय

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश.

बाटलीवर हिरव्या पार्श्वभूमीवर बारा ताऱ्यांचं पान असतं, तो युरोपीय संघाचा सेंद्रिय शिक्का. त्याच्या शेजारी 'एफआर-बिओ' आणि एक क्रमांक असतो, तो तपासणाऱ्या संस्थेचा. उदाहरणार्थ ०१ म्हणजे इकोसर्ट. 'एबी' हा फ्रान्सचा जुना राष्ट्रीय शिक्काही सोबत दिसतो. शिक्का मिळण्याआधी मळ्याला तीन वर्षं संक्रमणात काढावी लागतात. या काळात खर्च सेंद्रियचा आणि भाव साध्या मालाचा, म्हणून लहान शेतकऱ्याला हीच वर्षं सर्वांत जड जातात.

२०१२ पर्यंत युरोपात 'सेंद्रिय वाइन' असं लिहायलाच परवानगी नव्हती, 'सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन' इतकंच लिहिता यायचं. त्या वर्षीच्या काढणीपासून तळघरातल्या कामालाही नियम लागू झाले. पण ते नियम किती सैल आहेत ते लक्षात घ्या. बाहेरून विकत आणलेलं यीस्ट चालतं. गरज पडल्यास सेंद्रिय साखर घालून अल्कोहोल वाढवणं चालतं. गाळणी चालते. सल्फाइटची (वाइन टिकवायला घालतात त्या गंधकाच्या संयुगाची) मर्यादा कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, पांढऱ्या वाइनला लिटरमागे १५० मिलिग्रॅम आणि लाल वाइनला १००. साध्या वाइनसाठी हेच आकडे २०० आणि १५० आहेत. म्हणजे फरक आहे, पण 'सेंद्रिय म्हणजे सल्फाइट नाही' हे साफ चूक. लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की 'सल्फाइट आहेत' असं लेबलवर छापावंच लागतं, आणि जवळजवळ प्रत्येक सेंद्रिय बाटलीवर ते छापलेलं असतं.

मळ्यात काय बंद आहे? तणनाशकं, रासायनिक खतं आणि आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरणारी, बुरशीनाशकं. काय चालतं? गंधक आणि तांबं. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला हे दोन्ही घरचे आहेत: भुरीला गंधक, डाउनीला बोर्डो मिश्रण. त्या मिश्रणाचं नावच बोर्दो शहरावरून आलं. मोरचूद आणि चुन्याचा हा उपाय तिथे १८८० च्या दशकात डाउनीवर सापडला. आज युरोपात तांब्याला मर्यादा आहे: सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो. एखाद्या ओल्या वर्षी जास्त वापरलं तर पुढच्या कोरड्या वर्षी हात आखडता घ्यावा लागतो. तांबं जमिनीत कुजत नाही, साठत जातं. सेंद्रिय द्राक्षशेतीवरचा हा खरा आणि रास्त आक्षेप आहे. जो उत्पादक आपण गेल्या वर्षी किती किलो तांबं वापरलं ते विचारल्यावर लगेच सांगतो, तो आपलं काम मनापासून करतो असं खुशाल समजा.

आणखी दोन शिक्के या भागात वारंवार दिसतील. 'डेमेटर' आणि 'बिओदिव्हँ' हे जीवगतिक (बायोडायनॅमिक) शेतीचे. तिथे सेंद्रिय हा पाया असतो, वर गाईच्या शिंगात पुरून तयार केलेलं शेणखत (५०० क्रमांकाचं मिश्रण, हेक्टरी साधारण १०० ग्रॅम, तासभर पाण्यात ढवळून जमिनीवर) आणि स्फटिकाची भुकटी (५०१ क्रमांकाचं, हेक्टरी अवघे ४ ग्रॅम, पानांवर). त्यामागच्या विचारांवर वाद आहेत आणि राहतील. पण इतक्या बारकाईने मळ्यात फिरणारा माणूस रोग लवकर ओळखतो, आणि त्याचा परिणाम वाइनमध्ये उतरतो. डेमेटरची सल्फाइटची मर्यादाही साध्या सेंद्रियपेक्षा कमी आहे. आल्झास या पद्धतीचं फ्रान्समधलं जुनं घर आहे: बेर्गहोल्ट्झ गावचं ओझेन मेयर हे वाइनघर १९६९ पासून, फाफेनहाइमचं पिएर फ्रिक १९७० पासून सेंद्रिय आणि १९८१ पासून जीवगतिक, आंडलाउचं मार्क क्रायडेनवाइस १९८९ पासून. तुर्कहाइमचं झिंड-हुम्ब्रेख्त १९९० च्या दशकाच्या अखेरीस या वाटेवर आलं.

तिसरा शिक्का 'व्हँ मेतोद नात्युर'. २०२० पासून 'नैसर्गिक वाइन'ला फ्रान्समध्ये मिळालेली ही व्याख्या: प्रमाणित सेंद्रिय द्राक्षं, हाताने तोडणी, मळ्यातलंच यीस्ट, कोणतीही भर नाही, आणि सल्फाइट घातलंच तर एकूण ३० मिलिग्रॅमच्या आत.

फसवणारे शिक्के मात्र वेगळे. 'एचव्हीई' आणि 'तेरा व्हितिस' हे पर्यावरणाची काळजी दाखवतात, सेंद्रिय नव्हेत. त्यांत कृत्रिम औषधं चालतात. 'वाजवी शेती', 'निसर्गाचा मान राखून' अशा ओळी तर कुणीही छापू शकतं. शंका आली की 'एजन्स बिओ' या सरकारी संस्थेच्या खुल्या यादीत गावाचं नाव टाकून उत्पादक शोधा. प्रमाणपत्र चालू आहे की नाही ते तिथेच कळतं. बरेच चांगले शेतकरी सेंद्रिय पद्धतीने काम करूनही शिक्का घेत नाहीत, हेही खरं आहे. पण पहिल्या सहलीत, भाषेची अडचण असताना, प्रमाणपत्र असलेल्यांपासूनच सुरुवात करा.

तर सगळ्याचं मर्म हे: शिक्का मळ्याबद्दल पुष्कळ सांगतो, तळघराबद्दल थोडं. तळघराचं तुम्हाला विचारावं लागतं. प्रवास करून तिथवर जायचं ते त्यासाठीच.

बाटलीवरचं बाकीचं

आल्झासची बाटली उंच आणि निमुळती असते. १९७२ पासून ही वाइन याच भागात आणि याच बाटलीत भरावी असा नियम आहे. फ्रान्सच्या इतर भागांत लेबलवर गावाचं नाव ठळक असतं, इथे द्राक्षाच्या जातीचं. नव्याने शिकणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. रीसलिंग, गेवुर्त्सत्रामिनेर, पिनो ग्री, म्युस्का, सिल्वानेर, पिनो ब्लां आणि एकटी लाल जात पिनो न्वार. पिनो ब्लांच्या बाटलीत बहुधा ओसेरवा ही दुसरी जात मिसळलेली किंवा चक्क तीच असते, त्याला मान्यता आहे. काही उत्पादक, बेर्गहाइमचं मार्सेल दाइस हे त्यांत अग्रणी, अनेक जाती एकाच मळ्यात मिसळून लावतात आणि एकत्रच तोडतात. तिथे लेबलवर जात नसते, मळ्याचं नाव असतं.

'ग्रां क्रू' म्हणजे नेमून दिलेले ५१ मळे. पहिला श्लोसबेर्ग, १९७५ चा. इथली जमीन भूकंपाच्या भेगेने उलथीपालथी झालेली आहे, त्यामुळे दोन किलोमीटरवर माती बदलते. तुर्कहाइमचा ब्रांड ग्रॅनाइटचा, विन्ट्झेनहाइमचा हेंग्स्ट चुनखडी आणि चिकणमातीचा, आंडलाउचा कास्टेलबेर्ग स्लेटसारख्या शिस्टचा, तानचा रांगेन ज्वालामुखीच्या खडकाचा आणि इतका उभा की तिथे चालताना हात टेकावे लागतात. जमत असेल तर एकाच उत्पादकाच्या, एकाच वर्षाच्या, दोन मळ्यांतल्या दोन रीसलिंग शेजारी शेजारी मागा. माती म्हणजे काय ते दहा पुस्तकांपेक्षा त्या दोन पेल्यांत लवकर कळतं.

गोडीबद्दल सावध राहा. आल्झासची जुनी तक्रार ही की बाटली उघडेपर्यंत ती कोरडी की गोड ते कळत नाही. २०२१ च्या काढणीपासून लेबलवर शब्द लिहिणं सक्तीचं झालं: 'सेक' म्हणजे लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर, 'दमी-सेक' १२ पर्यंत, 'म्वालो' ४५ पर्यंत, 'दू' त्यावर. यात एक फट आहे. आंबटपणा पुरेसा असेल तर ९ ग्रॅमपर्यंत साखरेलाही 'सेक' म्हणता येतं. म्हणून अगदी कोरडी हवी असेल तर शब्दावर थांबू नका, ग्रॅम विचारा. झिंड-हुम्ब्रेख्तच्या बाटलीवर १ ते ५ असा गोडीचा निर्देशांक असतो, १ सर्वांत कोरडा. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची 'व्हांदांज तार्दीव्ह' आणि बुरशीने सुकवलेल्या निवडक मण्यांची 'सेलेक्सियों द ग्रँ नोब्ल' या दोन्ही बहुधा गोड असतात, दुसरी तर काकवीसारखी दाट.

८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनवर घटकांची यादी देणं बंधनकारक आहे. ती बहुधा क्यूआर कोडमागे असते. मोबाइल धरा: साखर, सल्फाइट, आम्ल, गोंद असे घातलेले घटक दिसतील. माझ्या मते अलीकडच्या वर्षांत वाइन घेणाऱ्याच्या हाती आलेलं हे सर्वांत उपयोगी साधन आहे, आणि फार थोडे लोक ते वापरतात.

शाकाहारी पाहुण्यासाठी: वाइन स्वच्छ करायला कधी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन किंवा माशाच्या पिशवीपासून केलेलं जिलेटिन वापरतात. सेंद्रिय नियमांत हे बसतं. अंडं किंवा दूध वाइनमध्ये उरलं असेल तर लेबलवर येतं, मासा मात्र त्या यादीतून वगळलेला आहे. म्हणजे केवळ लेबल बघून खात्री होत नाही. आल्झासच्या पांढऱ्या वाइनला बहुतेक ठिकाणी बेंटोनाइट माती वापरतात किंवा काहीच नाही, नुसतं महिनोन्‌महिने बसू देतात. 'कोलाज' (वाइन स्वच्छ करण्याचं काम) कशाने करता, एवढं विचारलं की पुरे.

गाडीशिवाय कसं फिरायचं

मुक्काम कोल्मारला करा, गावं तिथून गाठा. पॅरिसच्या गार द लेस्त स्थानकावरून थेट टीजीव्ही ही वेगवान रेल्वे साधारण २ तास २० मिनिटांत पोचते. स्ट्रासबुर्गहून लोकल गाडी अर्ध्या तासाची, बाझेलहून पाऊण तासाची.

तुर्कहाइम कोल्मारपासून सातेक किलोमीटर. मुन्स्टरच्या खोऱ्यात जाणारी छोटी रेल्वे तिथे थांबते, आणि स्थानकासमोरच गावाची जुनी वेस आहे. सकाळी गावामागून ब्रांडच्या उतारावर चढा, दुपारी एक भेट ठेवा. हा पहिल्या दिवसाचा बेत. दुसरा दिवस उत्तरेकडचा: बार गावापर्यंत रेल्वे (कोल्मारहून जाताना काही फेऱ्यांना बस असते, वेळापत्रक आदल्या दिवशी बघा), तिथून मिटेलबेर्गहाइममार्गे आंडलाउ, द्राक्षबागांमधून चालत साधारण पाच किलोमीटर. या पट्ट्यात सेंद्रिय आणि नैसर्गिक वाइन करणारी घरं फार दाट आहेत. तिसरा दिवस दक्षिणेला, रूफाख स्थानकावर उतरून फाफेनहाइमकडे, किंवा कोल्मारहून सायकलने वेट्टोल्सहाइम. द्राक्षपट्ट्यातून जाणारा आखलेला सायकलमार्ग आहे. मात्र हे विसरू नका की रक्तातल्या अल्कोहोलची ०.५ ग्रॅमची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे.

हिशोब करून बघा. एका भेटीत सात वाइन, प्रत्येकी ३० मिलिलिटर, म्हणजे २१० मिलिलिटर. १३ टक्के धरले तर शुद्ध अल्कोहोल एकवीस-बावीस ग्रॅम होतं, फ्रान्समधल्या मोजमापाने दोन पूर्ण पेले. गिळत गेलात तर दुसऱ्या भेटीत जीभ काही सांगेनाशी होते. म्हणून थुंका. टेबलावर 'क्राश्वार' म्हणजे थुंकदाणी असते, नसेल तर मागा. आपल्याकडे यजमानाने दिलेलं पाहुण्याने थुंकणं अपमानाचं वाटतं, तिथे तो कसबाचा भाग आहे आणि यजमानाला त्याचं बरंच वाटतं. दिवसाला दोन भेटी, फार तर तीन. पाच गावं एका दिवसात उरकणाऱ्या बससहली टाळा, त्या बहुधा मोठ्या दुकानांतच नेतात.

वेळ आधी घ्यायचीच. दोन-तीन आठवडे अगोदर छोटा ईमेल पाठवा: तारीख, वेळ, दोन माणसं, कोणती भाषा, तळघराबरोबर मळाही बघायचा आहे का, आणि निघायची वेळ. आदल्या दिवशी पुन्हा एक ओळ टाका. बारा ते दोन जेवणाची सुट्टी पाळतात, रविवारी बहुतेक ठिकाणी बंद. मे महिन्यात १ आणि ८ तारखेला सुट्टी असते, शिवाय मे-जूनमध्ये आसांसियों आणि पांतकोत हे ख्रिस्ती सण येतात. मध्येच उत्पादकाचा निरोप आला की आज फवारणी आहे, जमणार नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. तांबं पानावर वरवर बसतं, वीस-पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला की धुऊन जातं आणि पुढचा पाऊस येण्याआधी पुन्हा फवारावं लागतं. आंतरप्रवाही औषध मारणाऱ्याला चार दिवस थांबता येतं, सेंद्रियवाल्याला नाही. २०२१ च्या ओल्या उन्हाळ्यात ज्यांना वेळ साधली नाही त्यांचे घड डोळ्यांदेखत गेले.

चाखणं काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी थोडे युरो, आणि बाटल्या घेतल्या की ते बहुधा वळते होतात. तासभर वेळ देणाऱ्या लहान घरातून दोन बाटल्या तरी घ्याव्यात, ही तिथली न बोललेली रीत आहे.

मळ्यात आणि तळघरात

आधी मळा. वेलींच्या खोडाखाली तपकिरी, करपलेला, सरळ पट्टा दिसला तर तणनाशक मारलेलं आहे, तो मळा सेंद्रिय नाही. खोडाखाली माती उकरलेली किंवा गवत कापलेलं असेल तर शक्यता चांगली. पण दोन ओळींमधलं हिरवं गवत हा पुरावा नव्हे, ते आता सगळेच ठेवतात. पानांवर निळसर ठिपके तांब्याचे. तारांना अडकवलेल्या छोट्या तपकिरी कुप्या किंवा दोऱ्या दिसल्या तर ते पतंगांच्या नराला मादी सापडू नये म्हणून सोडलेलं गंधद्रव्य आहे. घड पोखरणाऱ्या अळीवरचा हा उपाय सेंद्रियवाले आणि बाकीचे दोघंही करतात.

तळघरात लाकडी, लंबगोल, माणसापेक्षा उंच पिंपं दिसतील, त्यांना 'फूद्र' म्हणतात. काही शंभर वर्षांपलीकडची असतात. ती वाइनला लाकडाची चव देत नाहीत, भिंतीवर जमलेले स्फटिक आणि हलका श्वास एवढंच देतात. मळ्यातल्याच यीस्टवर ठेवलेली वाइन इथे कित्येक महिने आंबत राहते.

आता विचारा. प्रमाणपत्र कोणत्या वर्षापासून? सगळ्या बागेला की काही भागाला? यीस्ट कुठलं? बाटलीत एकूण सल्फाइट किती, आणि ते कधी घातलं: प्रेसवर, आंबून झाल्यावर, की फक्त भरताना? उरलेली साखर किती? गाळलं का? उत्तर आकड्यात आलं पाहिजे. कोरड्या रीसलिंगला ५० ते ८० मिलिग्रॅम म्हणजे हात राखून केलेलं काम. गोड वाइनला त्याहून जास्त लागतंच, नाहीतर साखर पुन्हा आंबायला लागते.

चाखण्याचा क्रम साधारण असा: क्रेमां, सिल्वानेर, पिनो ब्लां, कोरडी म्युस्का, रीसलिंग, मग पिनो ग्री, गेवुर्त्सत्रामिनेर, शेवटी गोड. पिनो न्वार सुरुवातीला किंवा रीसलिंगनंतर. गेवुर्त्स आधी घेतलीत तर तिच्या गुलाब आणि लीचीच्या वासापुढे पुढची रीसलिंग पाण्यासारखी लागेल. त्या दिवशी अत्तर लावू नका, खाली बंदिस्त तळघर असतं.

दोष आणि स्वभाव यांत फरक करायला शिका. जुन्या रीसलिंगला येणारा रॉकेलसारखा वास हा जातीचाच आहे. तळाशी दिसणारे काचेसारखे कण म्हणजे द्राक्षातल्या आम्लाचे स्फटिक, निरुपद्रवी. उघडल्याबरोबर विझलेल्या काडीचा किंवा अंड्याचा वास आला तर पेला जोरात फिरवा, पाच मिनिटांत जातो. जिभेला हलकी टोचणी लागली तर थोडा वायू राहिलेला आहे, मुद्दाम ठेवतात, कारण तो सल्फाइटऐवजी वाइन राखतो. पण नेलपॉलिशसारखा किंवा व्हिनेगरचा झोंबणारा वास हा दोष. आणि सर्वांत वाईट तो 'उंदराचा' दोष: नाकाला काही कळत नाही, घोट घेतल्यावर दहा-वीस सेकंदांनी उंदराच्या पिंजऱ्यासारखी, जुन्या शेंगदाण्याच्या पेंडीसारखी चव घशात उमटते, कारण लाळेने आंबटपणा कमी झाल्यावरच ते द्रव्य मोकळं होतं. सल्फाइट अजिबात न घातलेल्या, आंबटपणा कमी असलेल्या वाइनमध्ये हा सापडतो. 'नैसर्गिक आहे, अशीच असते' असं कुणी म्हटलं तर ते मान्य करू नका. नैसर्गिक वाइन निर्मळ लागली पाहिजे, आणि आल्झासमध्ये तशी करणारे पुष्कळ आहेत.

संध्याकाळी विन्श्टुब नावाच्या खानावळीत शाकाहाऱ्याने दोन गोष्टी जपाव्यात. फ्लामेकुखं या पातळ रोटीवर कांदा आणि आंबट सायीबरोबर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, मशरूम किंवा मुन्स्टर चीजची, तीही मांसाशिवाय, मागा. आणि आंबवलेली कोबी दिसायला भाजी असली तरी चरबीत शिजवलेली असते. मुन्स्टर चीज आणि गेवुर्त्सत्रामिनेर ही जोडी मात्र सोडू नका.

बाटल्या घरी नेताना

भारतात माणशी दोन लिटर दारू करमुक्त. ७५० मिलिलिटरच्या तीन बाटल्या केल्या की सव्वादोन लिटर होतात आणि मर्यादा ओलांडते. गोड वाइन ५०० मिलिलिटरच्या बाटलीतही मिळते: दोन मोठ्या आणि एक छोटी मिळून बरोबर दोन लिटर. आल्झासची बाटली उंच असल्यामुळे नेहमीच्या मापाच्या फुगवता येणाऱ्या पिशव्यांत तिची मान बाहेर राहते, तिथल्याच उत्पादकाकडून पुठ्ठ्याचं खोकं मागून घ्या आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांत ठेवा. तीन दिवसांच्या आत एकाच दुकानात १०० युरोंच्या वर खरेदी झाली तर युरोपबाहेर राहणाऱ्याला कर परत मिळतो, पण लहान उत्पादक ते कागद करत नाहीत, हे धरून चला.

काय न्यायचं हेही ठरवून घ्या. साखर उरलेली, न गाळलेली आणि सल्फाइट नसलेली बाटली पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात नेऊ नका, पंचवीस अंशांवर ती बाटलीतच पुन्हा आंबू लागते आणि बूच ढकलते. ती तिथेच प्या. न्यायला कोरडी रीसलिंग, क्रेमां किंवा पुरेसं सल्फाइट असलेली 'व्हांदांज तार्दीव्ह' बरी. घरी आल्यावर बाटल्या दोन-तीन आठवडे अंधाऱ्या, थंड जागी पडू द्या, वाइन कॅबिनेट नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. प्यायच्या वेळी रीसलिंग ८ ते १० अंशांवर आणा, ग्रां क्रू असेल तर १२ पर्यंत. फ्रिजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवली की साधारण तिथे येते.